सांधे दाखवणारी चित्रं

राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 साली गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या शिळाछापावरून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, शकुंतला घरोघरी पोचल्या, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. त्यापुढे काय झालं याबद्दल मात्र फारसं बोललं गेलेलं नाही. घरी आलेल्या चित्राला बायकांनी सुई लावली. लक्ष्मीच्या पदराला खरी जर आली, चोळीला मखमलीचा तुकडा, गळ्यात बारीक मणी, मुकुटावर टिकल्या. छापलेला चेहरा, हात आणि पाय तेवढे उघडे राहिले. बाकीची देवी कापडाची झाली. अशी सजवलेली चित्रं आजही संग्रहालयांत आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात दिसतात. त्यांच्यावर छापखान्याचं नाव असतं, चित्रकाराचं असतं. सुई चालवणारीचं नसतं.

आपल्याकडच्या मिश्र माध्यमाच्या कलेची गोष्ट मी इथून सुरू करते. त्याला कारण आहे. एकच चेहरा हजारो घरांत गेला होता. तो बदलणं कुणाच्याही हातात नव्हतं, आणि देवीचा चेहरा बदलावा असं कुणाच्या मनातही आलं नसेल. पण चेहऱ्याखालची जागा मोकळी होती. तिथे त्या बाईने आपल्याजवळचं काहीतरी लावलं: लग्नातल्या शालूची उरलेली जर, जुन्या चोळीचा काठ, मुलीच्या कुंचीवरून काढलेले मणी. छापलेली साडी झाकून तिने ती देवी आपली करून घेतली. तिला काय वाटत होतं ते तिने कुठे लिहिलं नाही, आणि लिहायला तिला कुणी सांगितलंही नाही. जे होतं ते तिने टाक्यांत ठेवलं आणि टाके सगळ्यांसमोर भिंतीवर टांगले. झाकण्याच्या कृतीतून स्वतःला दाखवणं ही या कलेची मुळातली चाल आहे, आणि पुढे ज्या मोठ्या कलावंतांची नावं येतील ते याच चालीने चालले असं मला वाटतं.

कलेच्या इतिहासाची पुस्तकं ही गोष्ट पॅरिसमधून सुरू करतात. 1912 साली पिकासोने वेताच्या विणीचं छापील चित्र असलेलं मेणकापड कॅनव्हासला चिकटवलं आणि चौकटीऐवजी भोवती खरा दोर गुंडाळला. त्याच वर्षी ब्राकने लाकडाच्या रेषांचा छापील कागद आपल्या रेखाटनात आणला. हे काम क्रांतिकारक होतं, यात शंका नाही. पण पिकासोला पडलेला प्रश्न दृष्टीचा होता: खरं कुठलं आणि भास कुठला? 'मी कोण' हा प्रश्न त्या मेणकापडात नाही. तो काही वर्षांनी बर्लिनमध्ये हाना ह्योखने आणला. ती एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत लेस आणि भरतकामाचे नमुने तयार करण्याची नोकरी करत होती. मासिकांच्या याच दुनियेतली छायाचित्रं तिने कापली आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीचा पसारा एका मोठ्या चिकटचित्रात मांडला. 1919-20 मधल्या त्या चित्राच्या लांबलचक नावात तिने स्वयंपाकघरातल्या सुरीचा उल्लेख केला आहे. पुढच्या दशकात तिने वस्तुसंग्रहालयातल्या आफ्रिकी आणि आशियाई मूर्तींच्या धडांवर युरोपीय बायकांचे डोळे आणि ओठ बसवले. ते चेहरे पाहताना आपण तिच्याकडे पाहतो आहोत की ती आपल्याकडे, हे ठरवता येत नाही. नाझी सत्तेवर आल्यावर असल्या कलेला 'विकृत' ठरवलं गेलं. ह्योख बर्लिनच्या कडेला एका लहानशा घरात राहिली आणि आपलं व मित्रांचं काम तिने दडवून वाचवलं.

पुन्हा आपल्याकडे येऊ. राजस्थानातल्या नाथद्वारात श्रीनाथजींच्या हवेलीभोवती चित्रकारांची जुनी वस्ती आहे. यात्रेकरू तिथे 'मनोरथ' नावाची चित्रं करवून घेत: मधोमध श्रीनाथजी, बाजूला सेवेकरी मुखिया, समोर हात जोडून उभं असलेलं यात्रेकरूचं कुटुंब. कॅमेरा आल्यावर चित्रकारांनी एक सोपी युक्ती काढली. कुटुंबाच्या फोटोतली डोकी कापून ती रंगवलेल्या धडांवर चिकटवली. धड परंपरेचं आणि डोकं फोटो स्टुडिओतलं. सोनेरी, हळदी आणि गर्द निळ्या रंगांत ही करडी डोकी उठून दिसतात. मानेशी एक बारीक रेघ असते, कधी ती रंगाने सांधलेली, कधी तशीच. फोटोत माणसं कॅमेऱ्याकडे पाहत असतात, त्यामुळे देवासमोर उभं राहूनही त्यांची नजर देवाकडे नसते, आपल्याकडे असते. भक्ताची भूमिका आणि तो खरा माणूस यांच्यात असलेलं अंतर या मानेच्या रेघेत मावलं आहे. चित्रकाराला असलं काही सांगायचं नव्हतं. माध्यमाने ते सांगून टाकलं.

म्हणून माध्यमाबद्दल जरा सविस्तर लिहिते. कलेवर बोलताना आपण आशयाकडे फार लवकर धावतो आणि हाताच्या कामाला मागे टाकतो.

कागद चिकटवणं सोपं वाटतं. ओल लागली की कागद ताणतो आणि वाळताना आकसतो. खळ जास्त झाली तर सुरकुत्या धरतो, कमी झाली तर कोपरे उचलतो. पूर्वी गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ, बाभळीचा डिंक आणि जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस हीच साधनं होती. 1959 साली फेव्हिकॉल बाजारात आलं, आणि सुतारांसाठी निघालेला तो पांढरा गोंद पाहता पाहता चित्रकारांच्या टेबलावर येऊन बसला. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, कागद आणि कापड दोन्ही धरतो, आणि वरून रंग घेतो. कात्रीने कापलेली कड आणि हाताने फाडलेली कड यांत मोठा फरक असतो: छापील कागद फाडला की कडेला पांढरा, तंतुमय काठ उघडा पडतो, जणू कागदाचं आतलं मांस. काही कलावंत तो काठ रंगाने झाकतात, काही तसाच ठेवतात. वर्तमानपत्राचा कागद उजेडात पिवळा पडतो, कारण त्यात लाकडातलं लिग्निन शिल्लक असतं. चित्रातला तेवढाच तुकडा बाकीच्या रंगांपेक्षा लवकर म्हातारा होणार, हे करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात खळीला बुरशी धरते, कापड ओल पितं, आरशाचा पारा कडेने काळा होतो.

या सगळ्यात एक गोष्ट महत्त्वाची आहे. तैलरंगात एखादा भाग नको झाला तर त्यावर रंग चढवला की डोळ्यापुरता तो संपला. चिकटवलेल्या चित्रात असं होत नाही. वर दुसरा कागद लावा, तिसरा लावा, रंगाचे हात द्या. खालच्या तुकड्याची जाडी वर उमटतेच. दिवा बाजूला धरला की कड दिसते. जे झाकलं ते कुठे आहे हे कळतं, काय आहे ते कळत नाही. मनातल्या दडवलेल्या गोष्टींशी या माध्यमाचं नातं जुळतं ते इथे, आणि ते नातं मला फार खरं वाटतं. माणूस जे बोलत नाही त्याची जागा त्याच्या बोलण्यात रिकामी राहत नसते. ती थोडी वर आलेली असते.

भूपेन खख्खरांपाशी मी थोडी जास्त थांबणार आहे. जन्म 1934, मुंबईतल्या गुजराती कुटुंबातला. शिक्षणाने आणि पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. 1962 साली ते बडोद्याला गेले ते चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांच्या आग्रहावरून. 1965 साली मुंबईत त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यात बाजारातून आणलेली देवांची छापील चित्रं कापून चिकटवलेली होती, आरशाचे तुकडे होते, आणि त्यांवर रंगाच्या डब्यातला भडक, चकचकीत इनॅमल ओतलेला होता. त्या काळच्या मुंबईतली आधुनिक चित्रकला गंभीर होती. तिला पॅरिस आणि न्यूयॉर्कची भाषा येत होती. कॅलेंडरवरचा देव तिच्यासाठी अभिरुचीच्या बाहेरचा होता. खख्खरांनी नेमका तोच आत आणला, आणि तोही सन्मानाने नव्हे, कापून. पुढे हा माणूस घड्याळ दुरुस्त करणारे, शिंपी, न्हावी अशा लोकांची चित्रं रंगवू लागला, प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ धरून बसलेला एकटा पुरुष रंगवू लागला, तेव्हा ती तैलचित्रं असूनही त्यांच्यात चिकटवणाऱ्या हाताची सवय राहिली. मोठा माणूस पुढे, आणि त्याच्या भोवती कोपऱ्या-कोपऱ्यांत बारीक प्रसंग, प्रत्येकाचा आकार वेगळा, प्रत्येकाचा उजेड वेगळा. सांधे कुठे आहेत ते बोट ठेवून दाखवता येतं.

1981 साली त्यांनी जे चित्र केलं त्याच्या नावाचा अर्थ 'सगळ्यांना खूष करता येत नाही' असा आहे. गच्चीत एक नागडा पुरुष आपल्याकडे पाठ करून उभा आहे. खाली गावात बाप, मुलगा आणि गाढव यांची गोष्ट चालू आहे: कुणी गाढवावर बसावं यावर लोक बोलत राहतात आणि बापलेक ऐकत राहतात. वरचा माणूस ते पाहतो. त्याने कपडे काढलेले आहेत, पण चेहरा वळवलेला नाही. खख्खरांनी स्वतःच्या समलिंगी असण्याबद्दल जगाला जे सांगायचं होतं ते या चित्रापासून सांगायला सुरुवात केली असं मानलं जातं. पुढच्याच वर्षी बनारसमधल्या दोन पुरुषांचं आलिंगन त्यांनी उघड रंगवलं. हे करत असताना भारतात समलिंगी संबंधांसाठी शिक्षेचं कलम होतं. खख्खर 2003 साली गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमातून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना मोकळं केलं ते 6 सप्टेंबर 2018 रोजी. आज 1981 चं ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, आणि 2016 साली तिथे भरलेल्या त्यांच्या मोठ्या प्रदर्शनाला याच चित्राचं नाव दिलं गेलं.

खख्खरांची 1965 ची आरसे-देवांची चित्रं आणि 1981 चं हे चित्र यांच्यामध्ये सोळा वर्षं आहेत. पहिल्या चित्रांत ते काय लपवत होते असं विचारायचा मोह होतो. मला तो प्रश्न चुकीचा वाटतो. त्या चिकटचित्रांत त्यांनी एक सवय कमावली: समाज ज्या दोन गोष्टी वेगळ्या खोल्यांत ठेवतो त्या एका पाटावर आणून बसवण्याची. देव आणि रस्त्यावरची खरडलेली अक्षरं. पूजा आणि बाजार. पुढे याच सवयीने भक्ती आणि देह एकत्र आले. आधी हात शिकला, मग धैर्य आलं.

खख्खरांनी काचेवरही चित्रं केली, आणि काचेच्या उलट बाजूने रंगवायचं तंत्र नलिनी मलानींनी त्यांच्याकडून घेतलं. हे तंत्र चीनशी चालणाऱ्या समुद्री व्यापाराबरोबर अठराव्या शतकात आपल्याकडे आलं आणि पश्चिम भारतातल्या दरबारांत, धनिकांच्या दिवाणखान्यांत रुजलं. जुन्या वाड्यांतून नथ घातलेल्या, विडा धरलेल्या बायकांची काचचित्रं अनेकांनी पाहिली असतील. काम उलटं चालतं. कॅनव्हासवर जे शेवटी येतं ते काचेवर सगळ्यात आधी: डोळ्यातला पांढरा ठिपका, नथीतला मोती, केसांची रेघ. मग चेहऱ्याचा रंग, मग वस्त्र, आणि सगळ्यात शेवटी मागची भिंत. डावं उजवीकडे जातं. एकदा पुढचा थर झाकला गेला की पहिल्या ठिपक्यात दुरुस्ती करता येत नाही. चित्रकाराला चित्र कधीच समोरून दिसत नाही. तो कायम त्याच्या पाठीमागे बसलेला असतो.

मलानींचा जन्म 1946 साली कराचीत झाला. फाळणीत कुटुंब निघालं आणि अखेर मुंबईत स्थिरावलं. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. त्यांच्या कामात घर सुटणं, सीमेवर बायकांच्या देहावर झालेली हिंसा, मेडिया आणि कसांड्रासारख्या ग्रीक पुराणातल्या न ऐकल्या गेलेल्या बायका पुन्हापुन्हा येतात. पारदर्शक पत्र्यांवर मागून रंगवायचं, त्या पत्र्यांची मोठी नळकांडी करायची, ती छताला टांगून हळूहळू फिरवायची आणि त्यांतून प्रकाश सोडायचा, अशी त्यांची रचना 2001 च्या आसपासपासून दिसते. रंग अतिशय मोहक असतात: गुलाबी, पोपटी, जांभळा, पाण्यासारखे पसरलेले. भिंतीवर पडतात त्या मात्र सावल्या, एकमेकींवर चढत जाणाऱ्या. पाहणारा मध्ये आला की त्याचीही सावली त्यांत जाते. लहान मुलं अशा दालनात आनंदाने धावतात आणि मोठी माणसं थोड्या वेळाने गप्प होतात, कारण तोवर सावल्यांतली बंदूक आणि पडलेलं शरीर ओळखू आलेलं असतं.

मलानींचं आणखी एक काम इथे सांगितलंच पाहिजे. 1992 साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवर त्यांनी थेट चित्र काढलं आणि प्रदर्शनाच्या शेवटी ते पुसून टाकलं. नाथद्वारातली जुनी भित्तिचित्रं नष्ट होत चालल्याचं दुःख त्यामागे होतं. म्हणजे मनोरथांच्या त्याच गावाचा धागा पुन्हा इथे येतो. ते चित्र विकता आलं नाही, जपता आलं नाही. 2023 साली त्यांना क्योतो पुरस्कार मिळाला तेव्हा मराठी वर्तमानपत्रांतून या कामाबद्दल मोठं लिहिलं जायला हवं होतं. मराठीत अशा लेखनाची वाट होती: प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक 1990 साली आलं. एका चित्रकाराने मराठीत इतक्या बारकाईने चित्राबद्दल विचार करावा, आणि पुढे त्या वाटेवर इतकी कमी पावलं पडावीत, याची मला खंत आहे. तुमच्या हातातलं हे पुस्तक व्हावं असं वाटण्यामागे तीही एक गोष्ट आहे.

1992 हे साल या कलेत वेगळ्या कारणानेही वळणाचं आहे. डिसेंबरमध्ये बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई जळली. रुम्माना हुसेन तोवर कॅनव्हास रंगवत होत्या. त्यानंतर त्यांना कॅनव्हास पुरेना. 1994 च्या त्यांच्या प्रदर्शनात अर्धे केलेले मातीचे घडे होते, आरसे होते, गेरू आणि नीळ होती. घड्याचा अर्धा घुमटासारखा दिसतो, पोटासारखाही दिसतो. आरशावर ठेवला की डोळ्याला तो पुन्हा पूर्ण दिसतो, आणि हात लावला की अर्धाच असतो. एका सुशिक्षित, शहरी, घरात फारसं धर्माचं बोलणं नसलेल्या बाईला एका हिवाळ्यात बाहेरच्यांनी सांगितलं की तू मुसलमान आहेस. ही बाहेरून लादलेली ओळख आणि स्वतःची ओळख या दोन अर्ध्यांचा सांधा त्या पुढची काही वर्षं शोधत राहिल्या. 1995 साली मुंबईच्या एनसीपीएच्या आवारात पायांत घुंगरू बांधून, हातात कापलेली पपई धरून आणि तोंड पूर्ण उघडं ठेवून त्या चालल्या. आवाज आला तो फक्त घुंगरांचा. स्तनाच्या कर्करोगाने 1999 मध्ये त्यांचं निधन झालं, आणि आजारात बदललेलं आपलं शरीरही त्यांनी शेवटच्या कामांत आणलं होतं. कुठलीही दया न मागता.

त्यांच्या कामात रंग थोडे आहेत, पण जे आहेत ते घरातून आलेले. गेरू अंगणाच्या कडेला लागतो, नीळ पांढऱ्या कपड्यांना. मिश्र माध्यमात वस्तू आपली जात, आपलं काम, आपलं घर बरोबर घेऊन येते, आणि चांगला कलावंत तिला ते विसरायला लावत नाही. प्रभाकर कांबळे यांच्या 'उतरंड' या मालिकेत मातीच्या भांड्यांचे एकावर एक चढवलेले खांब आहेत, त्यांना दोर आणि जनावरांच्या साजातले घुंगूर आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकाला ते लांबून ओळखीचं, सणाच्या दिवसासारखं वाटेल. बैलपोळ्याचा साज उत्सवाचा आहे आणि ओझ्याचाही. उतरंडीतलं सगळ्यात खालचं भांडं सगळ्यांचं वजन घेऊन उभं असतं, आणि ते काढायला गेलं तर सगळंच कोसळतं. जातिव्यवस्थेबद्दल यापेक्षा नेमकं विधान मी कलादालनात क्वचित पाहिलं आहे. 2022 च्या बर्लिन बिनालेमध्ये कांबळे यांचं काम होतं.

दडवलेल्या दुःखाची यांत्रिक रचना मात्र घाटकोपरच्या अतुल डोडियांनी शोधली. त्यांनी दुकानाचं खरंखुरं लोखंडी शटर घेतलं. त्याच्या पन्हळींवर इनॅमलने चित्र काढलं, आणि शटरच्या मागे दुसरं चित्र लावलं. 2002 च्या 'महालक्ष्मी' या कामात बाहेर कॅलेंडरमधली लक्ष्मी आहे: कमळ, दागिने, प्रसन्न चेहरा. शटर वर सरकवलं की मागे गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. बापाला हुंडा परवडणार नव्हता. कशासाठी कोण मेलं हे सांगायला एक वाक्य पुरतं. पण डोडियांच्या रचनेत एक अट आहे, तिच्यावर मी अनेकदा विचार केला आहे. शटर उघडलं की लक्ष्मी गुंडाळली जाते, बंद केलं की मुली जातात. दोन्ही चित्रं पूर्ण अशी एकदम कधीच दिसत नाहीत. घरातलं सत्य आणि घराची शोभा यांतलं एक निवडून पाहावं लागतं, आणि शटर कुणीतरी हाताने वर करावं लागतं. मुंबईने 1992-93 मध्ये दिवसच्या दिवस बंद शटरं पाहिली होती. त्यांच्यामागे कोण बसलं आहे हे त्या दिवसांत विचारायची भीती वाटे.

लक्ष्मी पुन्हा आली, हे वाचकाच्या लक्षात आलं असेल. जरीने सजवलेली, बाजारातून कापलेली, शटरवर रंगवलेली. तीन पिढ्यांनी तोच चेहरा ठेवला आणि त्याच्या मागची, खालची, भोवतालची जागा बदलली.

अंजू डोडिया यांचं काम वेगळ्या तऱ्हेने या वाटेवर आहे. त्या स्वतःलाच रंगवतात, पण ती बाई कधी योद्धा असते, कधी जपानी छापचित्रातलं पात्र, कधी जुन्या युरोपीय चित्रातली संत. कपडे बदलावेत तशा त्या भूमिका बदलतात, आणि चेहऱ्यावरचा ताण मात्र तोच राहतो. गादीसारख्या भरलेल्या, मढवलेल्या पृष्ठभागांवर त्या चित्र काढतात. गादी ही झोपेची, आजारपणाची, प्रेमाची, बाळंतपणाची जागा. 2007 साली बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात त्यांनी अशी चित्रं मांडली तेव्हा दरबार हॉलच्या त्या सोनेरी वैभवात खाली जमिनीवर आरशांचे तुकडे पसरले होते. राजाच्या जागी एका बाईच्या मनातली घालमेल बसली होती.

आता थोडं स्पष्ट बोलते, कारण या विषयाला एक रोग लागला आहे. बाजूने दिसणारा बाईचा चेहरा, डोक्याच्या जागी फुलं किंवा फुलपाखरं, गालावर सोनेरी वर्ख, कपाळावर वर्तमानपत्राचा तुकडा, आणि खाली पाटीवर 'अस्तित्वाचा शोध'. अशी चित्रं आज गल्लोगल्ली दिसतात. करणाऱ्यांच्या भावना खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. पण त्यातला वर्तमानपत्राचा तुकडा कुठलाही चालला असता, वर्ख कुठेही चालला असता. वस्तू बदलली तरी चित्र बदलत नसेल, तर ती वस्तू चित्रात आलेलीच नाही. ती फक्त वरून लावली आहे. हुसेन यांच्या घड्याऐवजी फुलदाणी ठेवून पाहा. डोडियांच्या शटरऐवजी लाकडी दार लावून पाहा. काम मोडतं. ही कसोटी कठोर आहे, पण ती लावल्याशिवाय या गर्दीत चांगलं काम सापडणार नाही.

पाटीबद्दलही माझी तक्रार आहे. 'या लाल रंगातून कलावंताने आपला दबलेला राग व्यक्त केला आहे' असं भिंतीवर लिहिलेलं असलं की पाहणारा लाल रंगाकडे पाहत नाही, रागाकडे पाहतो, आणि तोही दुसऱ्याने सांगितलेल्या. भडक रंग या कलेत बरेचदा आडपडद्याचं काम करतात. रविवर्म्याच्या देवीवरची जर असो की मलानींचा गुलाबी, तो डोळ्याला आधी बोलावतो, बसवतो, आणि मग हळूच बाजूला होतो. त्यासाठी वेळ द्यावा लागतो. एखाद्याने झाकलेली गोष्ट आपण ओरबाडून काढावी असा आपला हक्क नाही, चित्रातसुद्धा नाही. त्याने ती कशाने झाकली, कुठे झाकली आणि कुठली कड मुद्दाम उघडी ठेवली, एवढं पाहणं आपलं काम आहे.

या पुस्तकापुरती एक अडचण आधीच सांगायला हवी. मिश्र माध्यमाचं चित्र छापलं की त्याची जाडी जाते. आरसा छापला की राखाडी चौकोन होतो, त्यात पाहणाऱ्याचा चेहरा येत नाही. जर छापली की पिवळी होते. फिरणाऱ्या नळकांड्याचा एक क्षण हाती लागतो, सावलीची चाल लागत नाही. म्हणून शक्य असेल तेव्हा ही चित्रं प्रत्यक्ष पाहावीत. मुंबई, दिल्ली आणि बडोद्यातल्या कलादालनांत वर्षभर काही ना काही चालू असतं आणि बहुतेक ठिकाणी प्रवेशाला पैसे लागत नाहीत. चित्रासमोर उभं राहण्याआधी त्याच्या बाजूला उभं राहावं, उजेड तिरका कुठून येतो आहे ते पाहावं. परवानगी असेल तर चित्राची मागची बाजू दाखवायला सांगावं. तिथे खिळे असतात, दोरे असतात, खळीचे डाग असतात, कधी पेन्सिलीने लिहून खोडलेलं पहिलं नाव असतं.

पुढच्या पानांवर प्रत्येक चित्राखाली साहित्याची यादी दिली आहे: कापड, धागा, इनॅमल, आरसा, गेरू, छापील कागद, लोखंड. ती नावाच्या आणि सालाच्याही आधी छापली आहे. वाचकांनी ती तशीच आधी वाचावी, आणि त्यातली कुठली वस्तू आपल्या घरात आहे हे आठवून मग चित्राकडे वळावं.